नुसतं बघायचे पैसे

गाडी पार्किंगमध्ये लावली, चावी फिरवली, काढली, हातात घेतली आणि उतरायला दार उघडलं... तर इंजिन चालूच!

दोन-तीन सेकंद मला वाटलं शेजारची गाडी असेल. मग सोसायटीचे वॉचमनकाका आले आणि म्हणाले, "साहेब, गाडी चालू राहिलीय तुमची." मी काही न बोलता त्यांना हातातली चावी दाखवली. ते एकदा चावीकडे आणि एकदा बॉनेटकडे बघत राहिले. शेवटी चौथा गिअर टाकला, ब्रेक गच्च दाबला आणि क्लच सोडला. गाडीने एक हिसका दिला आणि बंद पडली. बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर 'एंड टास्क' म्हणजे काय ते मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळलं.

त्याच दिवशी दुपारी मी गाडीत नवीन अल्टरनेटर बसवून आणला होता. पण हे प्रकरण सुरू झालं होतं त्याच्या महिनाभर आधी, नाना पेठेत, आणि तेही माझ्या कंजूसपणामुळे. म्हणून पहिल्यापासून सांगतो.

गाडी बाबांची. १९९६ सालची, कार्ब्युरेटरवाली. आता मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बाबा चालवत नाहीत, मी चालवतो. जूनमध्ये एक दिवस सकाळी सेल्फ मारला तर इंजिन नुसतं कण्हलं. दुसऱ्या दिवशी तेच. कोणीतरी नाना पेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनचं दुकान सुचवलं. दुकान म्हणजे एक शटर, आत एक बाकडं आणि भिंतीवर वायरींची भेंडोळी. मालक साठीच्या पुढचे. मी लक्षणं सांगितली. ते म्हणाले, "गाडी ठेवून जा. बघायचे पाचशे होतील. काही निघालं तर कामाचे वेगळे."

मी म्हणालो, "नुसतं बघायचे पाचशे?"

ते म्हणाले, "हो. बघायलाच वेळ लागतो."

मी "येतो नंतर" म्हणून निघालो, आणि नंतर अर्थातच गेलो नाही. सरळ बॅटरीच्या दुकानात गेलो. त्याने जुनी बॅटरी किती वर्षांची ते विचारलं, मी चार म्हटलं, तो म्हणाला "मग संपलीच की". दहा मिनिटांत नवीन बॅटरी, ४,२०० रुपये, वर वॉरंटी कार्ड. हातात काहीतरी आलं होतं, त्यामुळे पैसे दिल्याचं काहीच वाटलं नाही. सेल्फ पहिल्या झटक्यात लागला. मी मनातल्या मनात पाचशे रुपये वाचवल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटली.

पुढे दोन आठवडे सगळं झकास. मग जुलैत एका रविवारी बाबांना घेऊन साताऱ्याला गेलो. येताना खेड शिवापूरला चहा घेतला. पुन्हा सेल्फ मारला तेव्हा आवाज थोडा जड वाटला होता, पण बॅटरी तर नवीन, म्हणून दुर्लक्ष केलं. पुढे कात्रजच्या बोगद्याआधी ही भली मोठी रांग. धो धो पाऊस, अंधार, हेडलाइट चालू, वायपर चालू, काचेवर वाफ धरते म्हणून ब्लोअरही चालू. तास-सव्वा तास गाडी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. आधी वायपर सुस्तावले. मग हेडलाइट पिवळे पडले, समईसारखे. बाबा म्हणाले, "अरे, उजेड कमी झालाय का? की माझ्याच डोळ्यांना वाटतंय?" आणि मी उत्तर देईपर्यंत इंजिन दोनदा अडखळून बंद पडलं.

मागचे दिवे जवळजवळ गेलेले, मागून ट्रक, आणि मी पावसात गाडी ढकलत कडेला घेतोय. आत सत्तरी ओलांडलेले बाबा, जे खाली उतरून ढकलायला मदत करू का म्हणून विचारत होते. ती दहा मिनिटं मी विसरणार नाही. एका टेम्पोवाल्याने थांबून जंपर लावून दिला, पैसे घेतले नाहीत, आणि आम्ही कसेबसे घरी पोचलो.

आता बॅटरी नवीन, म्हणजे चार्जिंग होत नाही, म्हणजे अल्टरनेटर गेला. इतका तर्क मलाही जमला. घराजवळच्या गॅरेजमध्ये सांगितलं, "अल्टरनेटर बदलून टाका." एकदाही "तपासा" म्हटलं नाही. त्यांनी जुना काढून घेतला आणि त्याच्या बदल्यात दुरुस्त करून विकतात तसला एक आणला. ५,५०० रुपये, मजुरी ८००.

हा शनिवार मी गॅरेजमध्ये उभं राहून बघण्यात घालवला. आमच्या गाडीत अल्टरनेटरला दोनच वायरी येतात. एक जाड, ती थेट बॅटरीच्या प्लसला जाते. तयार झालेली वीज हिच्यातूनच बॅटरीत येते. तिच्यात कायम करंट असतो, चावी बंद असली तरी. म्हणून पान्हा लावायच्या आधी बॅटरीची मायनसची वायर काढायची. नाहीतर पान्हा एकीकडे त्या बोल्टला आणि दुसरीकडे बॉडीला टेकला की जी ठिणगी उडते ती बघण्यासारखी नसते. दुसरी वायर बारीक. ती वर डॅशबोर्डकडे जाते. एवढंच. बोल्ट आवळले, पट्टा ताणला, वायरी लावल्या, इंजिन चालू.

मल्टीमीटर लावला तर १२.१ व्होल्ट. चार्जिंग नाही.

पोराने डोकं खाजवलं. मग त्याने एक गोष्ट केली, जी तेव्हा मला फारच हुशारीची वाटली. ती बारीक वायर कापली आणि इग्निशन कॉइलकडे जाणाऱ्या प्लसमधून एक तुकडा ओढून तिथे जोडला. वर काळी टेप. इंजिन चालू केलं, आणि मीटरवर १४.२! "झालं साहेब, वायरिंगमध्येच लोचा होता." मी खूश. आकडा बरोबर आला होता ना. मग घरी आलो आणि चावी हातात घेऊन वॉचमनकाकांसमोर उभा राहिलो.

सोमवारी रजा टाकली आणि खाली मान घालून नाना पेठ गाठली. म्हटलं, "काका, बघायचे पाचशे." त्यांनी मला ओळखलं असावं, पण बोलले नाहीत.

त्यांनी पहिल्यांदा ती टेप सोडवली आणि वायर मूळ जागी जोडली. मग म्हणाले, "आत बसा. चावी ऑन करा. इंजिन चालू करू नका, नुसती ऑन."

केली.

"काय काय लागलं समोर?"

"ऑइलचा दिवा लागलाय. हँडब्रेकचा लागलाय."

"अन् बॅटरीचा?"

बॅटरीचा दिवा लागलेलाच नव्हता. आणि मग लक्षात आलं की तो कित्येक महिन्यांत लागलेला मी पाहिलाच नव्हता. मी तो "लागत नाही म्हणजे चार्जिंग व्यवस्थित आहे" अशा अर्थाने घेत होतो. काकांनी अल्टरनेटरची ती बारीक वायर काढून तिचं टोक बॉडीला टेकवलं. दिवा लागायला हवा होता, नाही लागला. म्हणजे दोष अल्टरनेटरमध्ये नाही, वायर किंवा दिव्याच्या बाजूला आहे. मग टेस्ट लॅम्प घेऊन एकेक जोड तपासत वर गेले, डॅशबोर्ड खोलला, मीटरचं पॅनल बाहेर काढलं, आणि मागच्या होल्डरमधून बोटाच्या पेराएवढा बल्ब काढून माझ्या हातावर ठेवला. तार तुटलेली. दोन वॉटचा बल्ब, किंमत १५ रुपये.

आता हा बल्ब इतका महत्त्वाचा का, ते काकांनी मला सांगितलं आणि मग मी घरी येऊन ताडून पाहिलं. तुम्हालाही सांगतो, कारण मला हे फार आवडलं.

सायकलच्या डायनमोत कायमचं लोहचुंबक असतं. चाक फिरलं की वीज. अल्टरनेटरमध्ये फिरतो तो विद्युतचुंबक, म्हणजे त्याला चुंबक व्हायलाच आधी थोडी वीज लागते. वीज तयार व्हायला चुंबक हवा, चुंबक व्हायला वीज हवी. आधी कोंबडी की आधी अंडं! आपल्या भाषेत बूटस्ट्रॅपिंगचा प्रॉब्लेम. ही पहिली वीज येते बॅटरीच्या त्या दिव्यातून. चावी ऑन केली की बॅटरीतून करंट निघतो, दिव्यातून जातो, बारीक वायरीने अल्टरनेटरच्या फिरत्या गुंडाळीत शिरतो आणि तिथून बॉडीला. पाव अँपिअरपेक्षाही कमी, पण चुंबक जागा व्हायला पुरेसा. म्हणून दिवा लागतो. इंजिन चालू झालं, वीज तयार व्हायला लागली की अल्टरनेटर स्वतःच्याच विजेवर चुंबक टिकवतो. मग त्या बारीक वायरीवरही बॅटरीइतकाच दाब येतो, दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज, करंट वाहायला कारणच नाही, आणि दिवा विझतो. म्हणजे दिवा विझणं हीच "मी कामाला लागलो" अशी अल्टरनेटरची सही.

बल्बच उडाला तर? अल्टरनेटर जागाच होत नाही. आतल्या लोखंडात थोडासा चुंबकपणा शिल्लक असतो, तेवढ्या जोरावर कधीकधी इंजिन जोरात पळवलं की तो आपोआप उठतो. म्हणून आमची गाडी मोकळ्या रस्त्यावर चार्ज होत होती आणि रांगेत सरकताना नव्हती. नव्याने भरलेल्या अल्टरनेटरमध्ये तेवढाही चुंबकपणा नसावा, म्हणून तो मुळीच उठला नाही. आणि सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे, जो दिवा बिघाड सांगणार तोच बिघडला, त्यामुळे बिघाड कोणी सांगितलाच नाही!

इंजिन बंद न होण्याचं कोडंही यातच सुटतं. पोराने दिवा वगळून वायर थेट इग्निशनला जोडली. चावी बंद केली की बॅटरीचा पुरवठा तुटतो, पण फिरणारा अल्टरनेटर त्याच वायरीतून उलटा कॉइलला वीज पुरवत राहतो. प्लग पेटत राहतात, इंजिन फिरत राहतं, इंजिन फिरतंय म्हणून अल्टरनेटर फिरत राहतो. मध्ये बल्ब असता तर त्याच्या रोधामुळे इतका कमी करंट गेला असता की कॉइलचं काही भागलं नसतं. म्हणजे १५ रुपयांचा बल्ब तीन कामं करत होता: खबर द्यायची, चुंबक जागवायचा आणि उलटा करंट अडवायचा. आपल्याला दिसतं पहिलंच.

(हे दोन वायरींच्या जुन्या पद्धतीचं. काही गाड्यांत बल्ब उडाला तरी काम चालावं म्हणून त्याला समांतर एक रोधक दिलेला असतो. आताच्या गाड्यांत तर हा कारभार बहुतेक इंजिनाचा कॉम्प्युटरच बघतो. तेव्हा तुमच्या गाडीत काय आहे ते बघितल्याशिवाय हात घालू नका.)

हिशोब केला. बॅटरी ४,२००, अल्टरनेटर ५,५००, मजुरी ८००. एकूण १०,५००. बॅटरी जुनी झालीच होती, ती कधीतरी बदलावी लागलीच असती, मान्य. पण जुना अल्टरनेटर बहुधा धडधाकट होता. तो आता दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीत सुखाने फिरत असेल. खरा उपाय ५१५ रुपयांचा होता, त्यातले पाचशे "नुसतं बघायचे".

आता मुद्द्याचं. मला गॅरेजच्या पोराला दोष द्यावासा वाटत नाही. त्याला मीच "बदलून टाका" म्हणालो होतो. आपण गॅरेजवाल्याला पार्टचे पैसे देतो, पार्टवरच्या मजुरीचे देतो. शोधण्याचे देत नाही. त्याने तीन तास घालवून १५ रुपयांचा बल्ब शोधला आणि सातशेचं बिल केलं तर आपण "लुटतात हो" म्हणून सगळ्यांना सांगू. त्याने अर्ध्या तासात साडेपाच हजारांचा पार्ट बदलला तर "फास्ट काम आहे" म्हणू. मग तो काय करेल? आपण ज्याचे पैसे देतो तेच करेल. शोधण्याचं कौशल्य असलेली माणसं हळूहळू कमी होतात, आणि आपणच पुन्हा म्हणतो की हल्ली चांगले मेकॅनिक मिळत नाहीत.

डॉक्टरांच्या बाबतीतही आपलं असंच. "नुसतं तपासलं आणि म्हणाले काही नाही, आराम करा. त्याचे चारशे!" गोळ्यांची पुडी मिळाली असती तर चारशे वसूल वाटले असते.

आणि मी स्वतः? माझ्या टाइमशीटमध्ये गेल्याच महिन्यात सलग तीन दिवस "ॲनॅलिसिस" असं एका शब्दात लिहिलंय. तीन दिवसांनी बदललेल्या ओळी किती, तर एक. क्लायंटने एका शब्दाने विचारलं नाही. उलट "रूट कॉज सापडला" म्हणून मेल आला. नुसतं बघायचे पैसे मला दर महिन्याला पगार म्हणून मिळतात, आणि तोच मी नाना पेठेत पाचशे रुपयांसाठी नाक मुरडून आलो. काकांच्या हाताला ग्रीस आणि माझ्या हातात लॅपटॉप, याशिवाय दुसरं कारण मला सापडत नाही. सापडत नाही म्हणून जास्त लाज वाटते.

याला दुसरी बाजू आहेच. बघितलं की नुसतं चहा पिऊन आले हे आपल्याला कसं कळणार? पार्ट निदान हातात तरी दिसतो. ही शंका खोटी नाही, मीही फसलोय. पण त्यावर उपाय आहे: आकडे मागा. बघायचे पैसे आधी ठरवा आणि काय मोजलं ते लिहून घ्या. चार्जिंगचंच सांगायचं तर इंजिन बंद असताना बॅटरीवर किती (पूर्ण भरलेली असेल तर साधारण १२.६), चालू असताना किती (साधारण १३.८ ते १४.४), आणि हेडलाइट, ब्लोअर सगळं लावून किती. तेवढा लोड असतानाच अल्टरनेटरचा जाड बोल्ट आणि बॅटरीचा प्लस यांच्यामध्ये किती व्होल्ट गळतात, तेही मोजायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या आसपास गेलं तर वायर किंवा जोड खराब. पाच मिनिटांत होणारी मोजमापं आहेत. ज्याने खरंच बघितलंय तो हे आकडे आनंदाने सांगतो.

आणि कोणी चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून "बघा, बंद पडत नाही, म्हणजे चार्जिंग आहे" असं दाखवायला लागला तर हात जोडून थांबवा. ती युक्ती जुन्या डायनमोच्या काळातली. अल्टरनेटरवर केली तर व्होल्टेज एकदम उसळतो आणि आतले डायोड किंवा रेग्युलेटर जाऊ शकतात. मग खरंच नवीन अल्टरनेटर लागतो!

असो. नवीन बल्ब लावून घरी आलो तेव्हा बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणून तर मी चावी ऑन करून दोन सेकंद थांबायचो." मला आठवलं. लहानपणापासून बघत आलोय, बाबा चावी फिरवायचे, डॅशबोर्डकडे बघायचे आणि मगच सेल्फ मारायचे. मला वाटायचं जुन्या माणसांची सवय, इंजिन गरम होऊ देत असतील किंवा मनात देवाचं नाव घेत असतील. ते दिव्यांची हजेरी घेत होते. गाडी त्यांच्या हातात असती तर बल्ब उडाल्याचं पहिल्याच दिवशी कळलं असतं. मी गाडी घेतली, पण ते दोन सेकंद घेतले नाहीत, आणि कधी विचारलंही नाही.

आता मी थांबतो. ऑइल, हँडब्रेक, बॅटरी. तिन्ही हजर असले की सेल्फ. शेजारी बसलेले बाबा काही बोलत नाहीत, पण त्यांची नजर तिकडेच असते.